पेटीतल्या बाईची दाढ

मला बघून आजवर कुणी हसलेलं नाही, मित्रांनो. ऑफिसात दहा जणांना नाचवणारी मोठमोठी माणसं मला पाहिलं की खुर्चीचे हात घट्ट धरतात. मी एक जुना हँडपीस आहे. दात कोरायचं मशीन असतं ना, त्यातला डॉक्टरांच्या हातात असतो तो स्टीलचा दांडा म्हणजे मी. पुढं बारीक टोक बसवतात, मागून वायर येते, पायाखालचं बटण दाबलं की मी फिरायला लागतो. बस, माझं काम तेवढंच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. दुसऱ्या वस्तू आपल्या जन्माचं फार रसभरीत वर्णन करतात. माझ्याकडं तसं काही नाही. पोटात बेअरिंग बसवली, तेल घातलं, एकदा फिरवून पाहिलं आणि डब्यात टाकलं. डब्यात अंधार होता. मला त्याचं काही वाटलं नाही.

डबा उघडला तो कॅलिफोर्नियात, सांता क्लारामध्ये. उघडणारे हात डॉ. देवदत्त मेश्राम यांचे. ते मूळचे नागपूरचे. तिकडं डेंटिस्ट होते, पण इथं आल्यावर सगळं पुन्हा शिकावं लागलं, पुन्हा परीक्षा द्याव्या लागल्या, तेव्हा कुठं स्वतःचं क्लिनिक झालं. एका छोट्या प्लाझात आमचं दुकान. एका बाजूला डोशाचं हॉटेल, दुसऱ्या बाजूला आयब्रो करणारं पार्लर. येणारे पेशंट बहुतेक आपलेच, पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे. कॉम्प्युटरवर बसून बसून दात खाणारे. येताना म्हणायचे, "डॉक्टर, मीटिंग कॅन्सल करून आलोय यार, जरा लवकर करा." एकदा खुर्चीत आडवे झाले की घाई कुठल्या कुठं जायची.

डॉक्टरांची एक सवय होती. आधी इंजेक्शन देऊन हिरडी बधिर करायची, ओठ जड झाला का विचारायचं आणि मला उचलताना म्हणायचं, "दुखलं तर हात वर करा, मी थांबतो." हात वर झाला की खरंच थांबायचे. एखादी काकू तर मी तोंडात जायच्या आधीच हात वर करून बसायची. तरी डॉक्टर चिडायचे नाहीत.

माझं कौतुक मात्र कुणी केलं नाही. दात बरा झाला की माणसं डॉक्टरांचे आभार मानायची, माझ्याकडं पाठ फिरवून चूळ भरायची. इतक्या माणसांचं 'आई गं' मी ऐकलं, की हळूहळू मला ऐकू येईनासं झालं म्हणा ना. बहिरा नाही झालो. आवाज यायचा, आत काही हलायचं नाही. तुम्हाला वाटेल हा किती कोडगा. असेन. माझ्या जागी महिनाभर फिरून बघा.

मग डॉक्टर रिटायर झाले. क्लिनिक दुसऱ्याला गेलं, त्या लोकांनी नवी मशीनं आणली आणि मी डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये एका शेल्फवर आलो. शेजारी तुटक्या चाकांची बॅग, एक राइस कुकर, बुद्ध जयंतीच्या कार्यक्रमाचं गुंडाळलेलं बॅनर. बॅनर निदान वर्षातून एकदा बाहेर जायचं. मी धूळ खात पडलो होतो. वाईट वाटलं का? मित्रांनो, खोटं कशाला बोलू, नाही वाटलं.

डॉक्टरांची मुलगी हर्षिता एका विद्यापीठात शिकते. ती इथंच लहानाची मोठी झाली. लॅबमधलं त्यांचं मशीन बिघडलं तेव्हा तिला माझी आठवण झाली. "बाबा, तुमचा तो ड्रिल अजून आहे ना? कॅन आय टेक इट?" डॉक्टरांनी मला पुसलं, तेल दिलं, कानाशी धरून फिरवून ऐकलं आणि म्हणाले, "चालते की अजून. ने, पण जपून वापरजो." असा मी लॅबमध्ये आलो.

तिथलं काम वेगळंच निघालं. जिवंत माणूस एकही नाही. समोर हाडं, फार जुनी. मी त्यातली चिमूटभर भुकटी काढायची, पुढचं हर्षितानं बघायचं. त्यामागचं कारण तुम्हाला सोपं करून सांगतो. आपण खातो ते पचून जातं, पण त्याची खूण हाडात राहते. या मुलखात मुळात राहणारी माणसं शेती करत नव्हती. ओकच्या झाडाची फळं कुटायची, पाण्यात धुऊन धुऊन त्यांचा कडूपणा काढायचा आणि लापशी शिजवायची. हरिण मारायचं, खाडीतले शिंपले आणि मासे आणायचे. त्या जेवणाची हाडात एक खूण पडायची. पुढं स्पेनचे पाद्री आले. त्यांनी मिशन नावाच्या वस्त्या बांधल्या आणि या लोकांना तिथं आणून ठेवलं. मग रोज मक्याची आंबील, गहू आणि गाईचं मांस. मक्याची खूण फार वेगळी असते, हाडात लपत नाही. भुकटी तपासली की माणूस कुठल्या जेवणावर जगला ते कळतं.

कामाला आवाज नव्हता. कुणी खुर्ची धरत नव्हतं, कुणी हात वर करत नव्हतं. मी म्हटलं, चला, आता म्हातारपण निवांत गेलं.

आणि एक दिवस डोलोरेस आजी आल्या. त्या इथल्याच मूळ लोकांपैकी. ऐंशीच्या पुढचं वय, पायात पांढरे बूट, हातात काठी आणि काठीवर राग काढल्यासारखी टकटक. त्यांच्यासोबत म्युझियममधून आणलेली एक पुठ्ठ्याची पेटी होती. पेटीत एक बाई होती. म्हणजे बाईची हाडं. कुठंतरी खोदताना सापडली, म्युझियमनं ठेवून घेतली, आणि कुठं सापडली ते लिहिलेला कागद कधीच हरवला. आजींची आई जन्मभर ही पेटी परत मागत होती. मागता मागता ती गेली. मग आजी मागायला लागल्या. आता म्युझियमनं ती दिली होती आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिला मातीत परत ठेवायचं होतं.

पण कुठल्या मातीत, हाच सगळा घोर. जुन्या गावाची एक टेकडी आहे, तिथं मिशन यायच्या आधीची माणसं पुरलेली आहेत. टेकडीचा बराचसा भाग घरांनी खाल्लाय, थोडा उरलाय. दुसरी जागा म्हणजे मिशनचं कब्रस्तान. मिशनमध्ये आजारानं गेलेली सगळी तिथं.

आजी हर्षिताला म्हणाल्या, "ती टेकडीवरची असेल आणि मी तिला मिशनमध्ये नेलं, तर ती परक्यांत पडेल. मिशनमधली असेल आणि टेकडीवर नेलं, तर तिची पोरं खाली राहतील, ती वर. माझी आई म्हणायची ती टेकडीवरची आहे. पण आईकडं पुरावा नव्हता. तुझ्याकडं मशीन आहे. तू सांग."

"मिस डोलोरेस, हाडाचं वय काढायची टेस्ट आहे, पण नेमक्या मिशनच्या आगेमागच्या दोन-अडीचशे वर्षांत ती गोंधळते," हर्षिता म्हणाली. "ती काय जेवायची ते बघू."

मी बरगडीला टेकायच्या आधी आजी पेटीवर वाकून काहीतरी बोलल्या. हर्षितानं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तिला सांगितलं, थोडंसं घेणार आहोत. आमच्या घरची रीत आहे. न विचारता खूप घेतलंय तिचं."

मी फिरलो. आणि काहीतरी बिनसलं. हाडाची भुकटी कशी, कोरडी उडते. ही माझ्या टोकाला धरून बसत होती. मी तापलो, अडखळलो, पोटात काहीतरी चिकट गेलं. पण मला तोंड असलं तरी ते फक्त कोरायला. हर्षितानं मला झटकलं, पुन्हा फिरवलं आणि भुकटी पुरेशी झाल्यावर बाजूला ठेवलं.

निकाल आला. आजी खुर्चीत बसल्या होत्या. हर्षिता फार हळू बोलली. "नंबर मक्याकडं झुकतायत. ती मिशनमध्ये राहिली असावी. सँपल स्वच्छ आहे का ते बघायची तपासणीही पास झालीय."

आजींनी पाणी मागितलं. ते प्यायल्या, ग्लास टेबलावर ठेवला. "बरं. मग मिशनमध्ये," म्हणाल्या. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आई चुकली असेल." रडल्या नाहीत. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. असा चेहरा मी क्लिनिकमध्ये फार पाहिलाय, इंजेक्शन नीट लागल्यावरचा. काठी घेऊन त्या निघून गेल्या, टकटकसुद्धा केली नाही.

मी त्यानंतर फिरेनासा झालो. अडकलोच. हर्षितानं मला घरी नेलं आणि रविवारी डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर टाकून माझं पोट उघडलं. चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला.

"हर्षू, हे काय भरून ठेवलं यात?"

"बाबा, इट्स जस्ट बोन डस्ट. क्लीन करून द्या ना."

"डस्ट नाही हे. इतकी वर्षं दात कोरले मी, हाड असं गोंदासारखं चिकटत नाही." त्यांनी पिनेच्या टोकावर तो तपकिरी गोळा घेतला आणि गॅसवर जरा धरला. वास आला तशी मान मागं घेतली. "अरे बाप रे! सरसाचा वास येऊन राहिला."

"सरस म्हणजे?"

"ग्लू गं. गाई-बैलांच्या कातड्याचा, खुरांचा उकळून करतात. आमच्या गल्लीत सुतार शिजवायचा, अख्खी गल्ली नाक धरून फिरायची. तुझ्या त्या बाईच्या हाडाला कोणं लावला हा?"

हर्षिता खाली बसली. तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. पूर्वी जुनी हाडं भुगा होऊ नयेत म्हणून त्यांना सरस फासून ठेवायचे. सुकल्यावर त्याचा रंग हाडासारखाच होतो, दिसत नाही. तपासणीतही सापडला नाही, कारण तो कातड्या-हाडांतूनच काढलेला. मशीनला तो हाडच वाटला. आणि ज्या गाईंचा तो सरस, त्या गाई इथल्या. मक्यावर पोसलेल्या.

"बाबा, मका तिनं खाल्ला नव्हता," हर्षिता म्हणाली. "गाईनं खाल्ला होता. आणि मी त्या आजींना सांगून बसले की तुमची आई चुकली."

"मग आता सांग की तू चुकली. अजून माती पडली नाही."

"मला भीती वाटते, बाबा."

"वाटू दे. मी येतो सोबत."

मला घेऊन दोघं लॅबमध्ये आले, आजींनाही बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या, बसल्याही नाहीत. हर्षिता सांगत गेली आणि त्या ऐकत राहिल्या. मग काठी आपटली. "आधी तुम्ही तिला उकरलंत. मग तिला ग्लू फासलात. आणि मग त्या ग्लूला विचारलंत की ही काय जेवायची? आणि मी मूर्ख बाई, मी माझ्या आईवरचा विश्वास सोडला! दोन रात्री तिच्या फोटोकडं बघितलं नाही मी!"

हर्षिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. सरस फासला तेव्हा तिचा आजाही जन्मला नव्हता, पण ती तसं म्हणाली नाही. मला त्या पोरीचं कौतुक वाटलं. नाही म्हणजे, वाटलं असावं.

मग डॉक्टर पुढं झाले. "मॅडम, मी हिचा बाप. दातांचा डॉक्टर. बरगडीत सरस मुरला, पण दाढेवर वरून कडक कवच असते, आणि आतला भाग घट्ट. मुळाकडची कड सोडून आतून, मधून घेतलं तर तिथं सरस पोचला नसेल."

आजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती जिवंत माणसांचे दात कोरलेत?"

"मोजले नाही."

"परत आले का कुणी?"

"सगळेच येत होते. सहा महिन्यांनी, क्लीनिंगला."

आजी हसल्या नाहीत, पण बसल्या. "एक दाढ. एकच. मुलीनं नाही, तुम्ही करायचं. आणि त्यानंतर तिला कुणी हात लावायचा नाही."

डॉक्टरांनी मला जमेल तेवढं साफ केलं होतं. नवं टोक लावलं, माझ्या अंगावर पातळ प्लास्टिक चढवलं, त्या बाईची दाढ दोन भागांत कापली आणि उजेडाखाली धरली. आजी तिच्याशी बोलल्या. डॉक्टर कितीतरी दिवसांनी कामाला बसले होते. मला उचलताना त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "दुखलं तर हात वर करा, मी थांबतो."

डॉक्टरांच्या लक्षात आलं आपण काय बोललो. त्यांनी मला खाली ठेवलं, पाठ फिरवून उभे राहिले. आजींनी हर्षिताला विचारलं, "काय म्हणाले?" हर्षितानं इंग्रजीत सांगितलं. आजी उठल्या, डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "करा. ती हात वर करत नाहीये."

दाढ वरून खाली वाढत जाते, मित्रांनो. वरचा थर तान्हेपणीचा, खाली मुळाकडं गेलं की मोठं होतं मूल. डॉक्टर एकेक थर घेत गेले आणि मी आयुष्यात कधी फिरलो नाही इतका हळू फिरलो. भुकटी कोरडी होती. पांढरी, बारीक, कुठंही चिकटली नाही.

शुक्रवारी सकाळी निकाल आला. हर्षितानं आकडे बाजूला ठेवले. "तिच्या आईनं तिला अंगावर पाजलं, दोनेक वर्षं. मग लापशी, हरिण, शिंपले, मासे. दाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत, मक्याचा एक दाणा नाही."

"म्हणजे टेकडीवरची!"

हर्षितानं नकारार्थी मान हलवली. ती हो म्हणू शकली असती. आजींना तेच ऐकायचं होतं, आणि विचारायला दुसरं कुणी येणार नव्हतं. "लहानपण मिशनबाहेरचं, एवढं नक्की. पुढं तिला मिशनमध्ये नेलं असेल, नसेल. ते दाढ सांगत नाही. मांडीचं हाड खोलवर कोरलं, सरस धुऊन काढला, तर कदाचित कळेल. कदाचितच. आणि उद्या शनिवार आहे, तो पुढं ढकलावा लागेल."

आजींनी पेटीवर हात ठेवला. "नको," म्हणाल्या. "कुठं मेली ते नको मला. तिला तिची आई कुठं जेवू घालत होती, ते कळलं ना? तिथंच नेऊ."

मग आवराआवर सुरू झाली. दाढेचे दोन्ही भाग, उरलेली भुकटी, नळ्या, सगळं पेटीत गेलं. तपासताना मशीनमध्ये जे जळून गेलं ते परत येणार नाही, हे हर्षितानं सांगितलं आणि आजींनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "बाकी सगळी आहे ना ती यात?"

हर्षिता हो म्हणायला गेली. डॉक्टर माझ्याकडं बघत होते. "यात आहे थोडी," ते म्हणाले. "बेअरिंगमध्ये. सरसात मिसळून बसलीय. मी खूप काढलं, सगळं नाही निघत."

"मग हाही येईल," आजी म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला हातात घेतलं. अंगठा माझ्या पाठीवरून फिरला. या दांड्यावर त्यांनी घर उभं केलं, मुलीला शिकवलं. वाटलं, आता काही बोलतील. त्यांनी माझी वायर काढली, मला रुमालानं पुसलं आणि आजींच्या हातात दिलं.

आत्ता मी पेटीत आहे, एका सुती फडक्यात, तिच्या बरगडीजवळ. गाडी टेकडी चढतेय, हर्षिता ड्राइव्ह करतेय, आजी कुणालातरी फोनवर सांगतायत की खड्डा तयार ठेवा. थोड्याच वेळात माती पडेल. मला आजही फारसं काही वाटत नाही, मित्रांनो. फक्त माझ्या शेजारी जी आहे, तिला धक्का लागू नये असं वाटतं. हे मला आधी कधी कुणाबद्दल वाटलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी मोठेपणी घरं बांधाल, रस्ते बांधाल. त्या टेकडीवर तुमचं मशीन आलंच आणि मातीत स्टीलचा एक दांडा चमकला, तर म्हणाल, अरे, हे काय इथं? मला उचलू नका. माती पुन्हा वरून लोटा, आणि मशीन बंद करा. मी हात वर करू शकत नाही, तीही करू शकत नाही. तुम्हीच थांबा.